उधाण म्हणजे ‘मोठी भरती’ नव्हे

दर पावसाळ्यात एक बातमी हमखास येते: ‘आज दुपारी समुद्राला उधाण, साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.’ या एका ओळीत भरती, उधाण आणि लाटा या तीन वेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो. किनाऱ्यावर उभं राहून समुद्र बघणाऱ्याचं त्यामुळे काही अडत नाही. पण शिडाची होडी घेऊन मांडव्यापासून मालवणापर्यंत, वाटेतली जुनी बंदरं बघत जाणारी मंडळीही हाच काला डोक्यात घेऊन निघतात. आपली जुनी बंदरं बहुतेक खाड्यांमध्ये आहेत: चौल, बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर, विजयदुर्ग. खाडीत शिरायचं तर हा गोंधळ निस्तरायलाच हवा.

लाटांचं आधी उरकून घेऊ. बातमीतले साडेचार मीटर ही लाटेची उंची नसतेच. सागरी नकाशातल्या शून्य पातळीपासून पाणी किती वर येणार, तो आकडा असतो. नकाशातल्या खोलीत तो मिळवला की त्या क्षणी होडीखाली पाणी किती, ते कळतं. लाटा वाऱ्याच्या. साडेचार मीटर भरतीलाही पाणी निपचित असू शकतं आणि ऐन ओहोटीत लाटा होडी फोडू शकतात. मला या बातमीचा मनापासून राग येतो, कारण ती वाचून माणसं भलत्याच गोष्टीला घाबरतात.

भरती तुम्हाला माहीत आहे. पाणी सहा तासांहून थोडं जास्त वेळ चढतं आणि साधारण तितकाच वेळ उतरतं. आपल्याकडे हे दिवसातून दोनदा होतं आणि रोज पाऊण तासाहून थोडं जास्त उशिरा होतं. उतरत्या पाण्याला कोकणात ओहोटीइतकंच ‘सुकती’ही म्हणतात.

आता उधाण. भरती ही तासांची गोष्ट, उधाण ही दिवसांची. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाण्याचा झोका मोठा होतो. अष्टमीच्या सुमारास त्या दोन ओढी काटकोनात असतात आणि झोका लहान पडतो, तो भांग. झोका हा शब्द मुद्दाम वापरतोय. झोपाळा पुढे जितका उंच जातो, तितकाच मागेही जातो. उधाणाला भरती जितकी वर येते, ओहोटीही तितकीच खाली जाते. पंधरवड्यातलं सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात कमी पाणी, दोन्ही उधाणाच्याच दिवसांत येतात, सहा तासांच्या अंतरानं.

लोक अडखळतात ते इथे. मला वाटतं, याचं खापर थोडं आपल्या भाषेवरही फुटतं. आपण ‘आनंदाला उधाण आलं’ म्हणतो, ‘उत्साहाला उधाण आलं’ म्हणतो. त्यामुळे उधाण म्हणजे नुसतं वर जाणं, भरभरून येणं, असं डोक्यात पक्कं बसलंय. ‘उधाण आहे ना, मग खाडीत भरपूर पाणी असेल’ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आता कोणी ते म्हणालं की मी कागद-पेन्सिल मागतो.

एकदा हेच वाक्य आमच्या होडीवरही म्हटलं गेलं होतं. पौर्णिमा होती. आंजर्ल्याच्या खाडीत भर भरतीला आत शिरलो, पाणी कडेच्या झाडांना टेकलेलं. नांगर टाकला, जेवलो, गाव बघायला गेलो. पाचच्या सुमारास परत आलो तर होडी एका कुशीवर कलंडून वाळूत पडलेली, सुकाणू पूर्ण उघडं, आणि नांगराचा दोर ओल्या वाळूवर सरळ रेघ ओढल्यासारखा. जवळच जाळं विणत बसलेले एक म्हातारे तांडेल म्हणाले, ‘अरे बाबा, चढलं तेवढंच उतरणार ना ते!’ रात्री पाणी येईपर्यंत बसून राहिलो. अष्टमीला तिथेच नांगर टाकला असता तर होडी बहुधा तरंगत राहिली असती.

अलिबागचा कुलाबा किल्ला हा यावरचा उत्तम धडा. ओहोटीला चालत जाता येतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पण कुठली ओहोटी? उधाणाच्या ओहोटीला वाट चांगली उघडी पडते, मात्र ती ओहोटी येते सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. भांगाची ओहोटी सोयीस्कर, भर दुपारी येते, पण पाणी पुरतं हटत नाही आणि कपडे भिजतात.

या वेळा काढायचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मुंबई-अलिबागकडे हा अंदाज बरा जमतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा खाडीत शिरताना त्या बंदराचं भरतीचं कोष्टकच बघावं. झोकाही सगळीकडे सारखा नसतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, गोव्याला दोनच्या आसपास राहतो, कोचीला मीटरभरही भरत नाही, आणि उलट दिशेला भावनगरला दहाच्या वर जातो.

झोका मोठा, वेळ तेवढाच, म्हणजे पाणी पळणार जोरात. उधाणाला खाडीच्या मुखाशी ओढ इतकी असते की मंद वाऱ्यात शिडाची होडी जागची हलत नाही. डोलकरांना हीच ओढ हवी असते. त्यांची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात आणि प्रवाहच मासळी आत ढकलतो, म्हणून उधाण ही त्यांची सुगी. तुम्हाला मात्र हेच खुंट चुकवत जायचंय. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत लढाईतून बाहेर पडू पाहणारं पोर्तुगीज कप्तान लोरेन्सो द आल्मेदाचं जहाज फुटून पाणी भरलं आणि मासेमारीच्या खुंटांतच अडकलं. तो तिथेच मारला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या बापानं सूडाच्या मोहिमेवर असताना दाभोळ जाळलं. चौलच्या त्या खाडीत, कुंडलिका नदीच्या मुखाशी, खुंट दिसले की मला दरवेळी ते जहाज आठवतं.

माझं मत ठाम आहे. अनोळखी खाडीत पहिल्यांदा शिरायचं तर भांगाच्या दिवसांत, आणि तेही पाणी चढत असताना, अर्ध्या भरतीला. वाळूचे उंचवटे तेव्हा अजून दिसत असतात, आणि टेकलात तरी तासाभरात पाणीच उचलून घेतं. भर भरतीला ‘आता पाणी सगळ्यात जास्त’ म्हणून शिरणं मला अजिबात पसंत नाही. त्यातही उधाणाच्या भर भरतीला तर नाहीच. सगळ्यात मोठी भरती बऱ्याचदा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. तिच्या माथ्यावर होडी वाळूत रुतली, तर पुढची भरती त्याहून थोडी कमी, त्यापुढची आणखी कमी, अशी भांगापर्यंत घटत जाते. तितकं पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागतो. पुढचं उधाण जरा लहान निघालं, तर त्याहूनही जास्त.

जाणत्यांनी हीच गोष्ट कामाला लावली. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या त्या उधाण साधून, म्हणजे मधल्या लहान भरत्यांचं पाणी तिथवर पोचत नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली मराठा आरमाराची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, आणि ओहोटीनं गोदी कोरडी पडली की तळाचं काम करायचं. ती बघायला गेलात तर दोनदा जा, एकदा भर भरतीला आणि एकदा त्याच दिवशी पूर्ण सुकतीला. दिवस उधाणाचा निवडा.