टपकलेल्या घामाने अंग थंड होत नाही

६० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात. तासात १० किलोमीटर धावलं तर ६००. त्यातली जेमतेम पाव ऊर्जा स्नायूंच्या कामी येते, उरलेल्या साडेचारशेची उष्णता होते. एक लिटर घाम पूर्ण सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे तासाला पाऊण लिटर पुरावा. पण तो अंगावरच सुकला पाहिजे. हनुवटीवरून टपकणारा घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळपास तशीच राहते.

घाम सुकेल की नाही, हे आर्द्रतेच्या टक्क्यांवरून नीट कळत नाही. १८ अंशांना ९० टक्के आणि ३३ अंशांना ४० टक्के, दोन्हींत हवेतली वाफ जवळपास सारखीच असते. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे तो १०च्या आसपास असतो, मुंबईत जूनमध्ये २५च्या. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवरून बाष्पीभवनाचा जोर मुंबईत जवळजवळ निम्म्यावर येतो. सूर्य उगवायच्या आधी निघालात तरी यात फारसा फरक पडत नाही!

मग भार हृदयावर येतो. स्नायूंना रक्त हवं, त्वचेलाही हवं, आणि घामामुळे रक्तातला द्रव घटत चाललेला. त्याच वेगाला ठोके मिनिटाला १०-१५ने वाढतात. अशा दिवशी घड्याळातला वेग धरून ठेवणं ही सरळ चूक आहे. सहाच्या पेसचा, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा धावक साडेसहावर आला तर त्याची तयारी कमी पडलेली नाही. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावा.

शरीर उकाड्याला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. रोज तासभर, सावकाश. पहिल्या आठवड्यात रक्तद्रव वाढतो, मग घाम लवकर सुटतो आणि कमी खारट होतो. तीन आठवडे एसीतल्या ट्रेडमिलवर काढले, की यातलं बरंचसं निघून जातं.

पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर घ्या. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. त्याने रक्तातलं सोडियम उतरणं जिवावर बेतू शकतं. उष्माघाताचा धोका वेगळा: उकाड्यात अंग तापून धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर आधी बर्फाच्या पाण्यात बसवा, मग रुग्णालयात न्या.

उंचीचं गणित वेगळं. साताऱ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या घाटात दम लागतो तो मुख्यतः चढामुळे. १३५० मीटरवर विरळ हवेचा परिणाम किरकोळच. लेहला, ३५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो आणि ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते. तिथे घाम दिसतही नाही इतक्या लवकर सुकतो, त्यामुळे पाणी कमी पडल्याचं लक्षात येत नाही. लाल पेशी वाढायला काही आठवडे लागतात, पण शर्यतीच्या निदान आठवडाभर आधी पोहोचा. पहिले दोन दिवस फक्त चाला. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर धावू नका, आणि त्रास वाढत गेला तर खाली उतरा.