‘सेम’ आणि ‘फॉरेन’ यांची अदलाबदल

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जुना ३२ बिटांचा मोजमापाचा प्रोग्रॅम नव्या ६४ बिटांच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) संगणकावर बसवून द्यायचा होता. पॅकेजे विनातक्रार बसली, सोबत आलेली चाचणीही उत्तीर्ण झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करताच लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड) सापडत नसल्याचा संदेश आला. माझी अख्खी संध्याकाळ एका शब्दापायी गेली: लायब्ररीच्या पॅकेजच्या माहितीत ‘मल्टी-आर्च’ (वेगवेगळ्या प्रोसेसर-प्रकारांची पॅकेजे एकमेकांशी कशी जुळतील हे सांगणाऱ्या) या रकान्यापुढे ‘सेम’ हवे होते, तिथे कोणीतरी ‘फॉरेन’ लिहिले होते. बेळगाव आणि निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही हीच अदलाबदल मला इतक्यांदा भेटली आहे की आता ती एकदा लिहूनच काढतो.

डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारे साधन) आणि एपीटी (कोणती पॅकेजे लागतील ते ठरवून आणणारे साधन) वाचकाच्या हातचे आहेत असे धरतो. २०१३ साली आलेल्या डेबियन ७ पासून एएमडी६४ म्हणजे ६४ बिटांच्या यंत्रावर आय३८६ हे ३२ बिटांचे आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) जोडून दोन्हीकडची पॅकेजे शेजारी बसवता येतात, यात कोणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो ‘फॉरेन’ या शब्दाने. तो वाचून बहुतेकांना वाटते की हे पॅकेज परक्या आर्किटेक्चरसाठी आहे किंवा परक्या आर्किटेक्चरवरही चालते. प्रत्यक्षात ‘फॉरेन’ एवढेच सांगतो की या पॅकेजची गरज कोणत्याही आर्किटेक्चरच्या पॅकेजला लागली, तरी ती इथे असलेल्या एकाच प्रतीने भागेल. उलट ‘सेम’ म्हणतो की मागणारा ज्या आर्किटेक्चरचा, प्रतही त्याच आर्किटेक्चरची हवी, आणि म्हणून अशा दोन प्रती एकत्र नांदू शकतात. खूण नेहमी पुरवणाऱ्या पॅकेजवर असते, मागणाऱ्यावर नाही. अर्धे लोक इथेच घसरतात.

उद्यमबागेतल्या कोणत्याही मेस्त्रीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मेट्रिक आट्यांच्या बोल्टवर इंची आट्यांचा नट बसत नाही, म्हणून दोन्ही प्रकारचे नट वेगवेगळ्या खोक्यांत ठेवावे लागतात. ग्राइंडरला मात्र बोल्टच्या आट्यांशी काही देणेघेणे नसते, तो एकच दोघांना पुरतो. लायब्ररी म्हणजे नट, कारण ती प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये जाऊन बसते. स्वतंत्रपणे चालणारे साधन म्हणजे ग्राइंडर, कारण त्याला हाक मारणाऱ्याला फक्त त्याचे काम हवे असते.

चाचणी लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की या दोन चुका सारख्या आवाजाच्या नाहीत. साधनावर ‘फॉरेन’ लिहायचे राहून गेले तर एपीटी आय३८६ची प्रत शोधू लागतो, ती नसली की अडून बसतो, आणि चूक लगेच दिसते. लायब्ररीवर चुकून ‘फॉरेन’ पडले तर मात्र एपीटी ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ६४ बिटांची लायब्ररी देऊन समाधानाने मोकळा होतो. म्हणूनच ‘बसले म्हणजे झाले’ एवढेच पाहणाऱ्या चाचणीवर माझा काडीचा विश्वास नाही. लायब्ररीची फक्त एएमडी६४ प्रत भांडारात ठेवून आय३८६चा प्रोग्रॅम मागावा. तो बसता कामा नये, आणि बसला तर चाचणी नापास झाली पाहिजे.

हीच चूक एका लपलेल्या वाटेनेही येते. ज्यात फक्त मजकूर किंवा स्क्रिप्ट असते, त्या ‘ऑल’ प्रकारच्या पॅकेजला एपीटी मूळ आर्किटेक्चरचे मानतो, त्यामुळे आय३८६च्या पॅकेजला ते खूण नसताना चालत नाही. वैतागलेला माणूस त्यावर ‘फॉरेन’ चिकटवतो. पण त्या पॅकेजच्या पोटात एखाद्या लायब्ररीची मागणी असेल आणि वरच्या प्रोग्रॅमला ती लायब्ररी स्वतःलाच हवी असेल, तर साखळी तिथेच तुटते: वर आय३८६चा प्रोग्रॅम, मध्ये ‘ऑल’, खाली एएमडी६४ची लायब्ररी. नुसत्या दोन पॅकेजांची चाचणी हे कधीच पकडणार नाही. तीन कड्यांची साखळी मुद्दाम रचावी लागते.

‘अलाउड’ हा तिसरा शब्द पायथन किंवा पर्लसारख्या पॅकेजांसाठी आहे आणि तिथे मागणाऱ्याला नावापुढे ‘एनी’ लिहावे लागते. ते एका वाचनात कळते. ‘सेम’च्या दोन्ही प्रतींची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागते आणि दोघींत समाईक असलेली फाइल बाइटन्‌बाइट सारखी असावी लागते. त्यामुळे जीझिपने दाबलेल्या फाइलीत वेळेची नोंद राहिली तरी डीपीकेजी दुसरी प्रत नाकारतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. अवलंबित्वाची जुळणी तपासण्यासाठी लोक क्यूएमूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आर्म या वेगळ्या आर्किटेक्चरचे अख्खे यंत्र उभे करतात. हा निव्वळ अपव्यय आहे, कारण जुळवणी करताना एपीटी कोणताही प्रोग्रॅम चालवत नाही, तो फक्त याद्या वाचतो. एपीटीच्या स्वतःच्या चाचण्या बनावट पॅकेजांचे छोटे भांडार रचतात, आर्किटेक्चरांची यादी ठरवून देतात आणि एपीटीने छापलेले उत्तर अपेक्षित मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहतात. हे सगळे साध्या लॅपटॉपवर होते. क्यूएमूची खरी गरज लागते ती प्रोग्रॅम सुरू होतो का हे पाहताना, आणि ती चाचणी वेगळी ठेवावी.