गारी, भांग आणि साडेबारा टक्के

पावसाळ्यातली सकाळ. आमच्या वरच्या खोलीत अमरावतीचा एक मुलगा नुकताच भाड्याने राहायला आला होता. तो छत्री घेऊन निघाला तशी आईने ओट्यावरून विचारलं, "गारी आली का रं?" पोरगा दोन पावलं मागे सरला आणि आभाळाकडे बघायला लागला. त्याला वाटलं गारा पडतायत. आई विचारत होती ती त्याच्या कंपनीच्या गाडीबद्दल.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात नव्याने आलेल्या माणसाची अशी फसगत रोज होते. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. गाडी 'गारी' होते, घोडा 'घोरा' होतो, इकडे 'इकरं' होतं. 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो, म्हणून कोळी 'कोली' आणि पाणी 'पानी'. मालवणी माणूस 'माका, तुका' म्हणतो, आम्ही 'माना, तुना' म्हणतो. हे नियम कळले की आठवडाभरात कान बसतो. त्या मुलाचाही बसला. शाळेत मात्र मी 'माना' म्हटलं की बाई मला उभं करून दहा वेळा 'मला' म्हणायला लावायच्या, आणि वर्ग हसायचा. त्यांच्या लेखी ते अशुद्ध मराठी होतं. ज्या बोलीला इतके काटेकोर नियम आहेत तिला अशुद्ध म्हणणं चूकच आहे, हे तेव्हा सांगता आलं नाही म्हणून आता सांगतो.

ही बोली घडली खाडीच्या काठी. 'आगरी' हा शब्दच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आला. ठाण्याच्या खाडीकाठी एका बाजूला मिठागरं होती, दुसऱ्या बाजूला बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली भातशेती. भरतीचं पाणी शिरतं त्या जमिनीला 'खाजण' म्हणतात. शेजारी कोळीवाडे: ठाण्यात चेंदणी, इकडे दिवाळे, सारसोळे, वाशीगाव. त्यामुळे रोजच्या बोलण्यातले निम्मे शब्द पाण्याचे.

दिवाळ्याच्या बाजारात मासळीला 'म्हावरं' म्हणतात. बारीक म्हावरं किलोवर विकत नाहीत, 'वाट्या'वर विकतात. वाटा म्हणजे पाटीवर मांडलेला ढीग. आणि कोळीण म्हणाली, "भांग हाय, म्हावरं कमीच," तर नवखं गिऱ्हाईक गोंधळून जातं. पिण्याच्या भांगेशी याचा काही संबंध नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जोरात चढतं-उतरतं, ते 'उधाण'. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर ओसरतो, तो 'भांग'. डोल जाळं खाडीत एका जागी बांधलेलं असतं. पाण्याच्या ओढीने मासळी त्यात शिरते. ओढ नाही तर मासळी नाही. दोन अक्षरांत तिने चंद्र, पाणी आणि आजचा भाव असं सगळं सांगितलेलं असतं.

पोर्तुगीज अंमलाची खूणही भाषेत राहिली. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ मध्ये, ठाणे आणि वसई मराठ्यांकडे आली. पाव, चावी, घमेलं, पिंप हे शब्द मात्र इथेच राहिले आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राचे झाले. ठाण्यातली बाकीची कोडी सोपी आहेत. 'तलावपाळी'तली पाळ म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. 'चेक नाका', 'जकात नाका' हे पत्ते जकात बंद झाली तरी चालूच आहेत. आणि "रोज अप-डाऊन करतो" म्हणणाऱ्याची नोकरी मुंबईत असते. पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ ला, तेव्हा रेल्वेची भाषा या गावाच्या अंगवळणी पडायला बराच वेळ मिळालाय.

खरी गुंतागुंत खाडीच्या पूर्वेला आहे. १७ मार्च १९७० ला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. शहर आखताना 'नोड' हा शब्द आला, म्हणजे आखून वसवलेला शहराचा एक भाग. नियोजनकारांचा कागदावरचा शब्द, पण आज भाजीवालासुद्धा "कुठल्या नोडमध्ये?" असं विचारतो. त्या नोडच्या मधोमध जुनी गावं तशीच उभी राहिली, म्हणून इथे 'वाशी' वेगळी आणि 'वाशीगाव' वेगळं. "मी गावात राहतो" असं आमचा माणूस म्हणाला तर तो साताऱ्याहून आलाय असं समजू नये. तो पुढच्याच सिग्नलच्या मागे राहतो.

जमिनीच्या मोबदल्यावरून लोक पेटले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून 'साडेबारा टक्के' आलं: जितकी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. इस्टेट एजंटच्या पाटीवर नुसतं 'साडेबाराचा प्लॉट' लिहिलेलं असतं, आणि नवखा माणूस त्याला व्याजाचा दर समजतो. सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जातात, म्हणून म्हातारी माणसं अजून म्हणतात, "नाव साडेबाराचं, हातात पावणेनऊ." नवी मुंबई विमानतळाच्या पुनर्वसनात पुढे 'साडेबावीस' आलं. कुटुंबं वाढली आणि गावठाण वाढलं नाही, तेव्हा लोकांनी आजूबाजूला घरं बांधली. त्यांना सरकारी कागद अनधिकृत म्हणत होते, लोकांनी शब्द काढला 'गरजेपोटीची घरं'. माझ्या मते या शहराच्या बोलीतला हा सगळ्यात नेमका शब्द आहे. घर का बांधलं, याचं उत्तर त्या नावातच आहे.

माझी आई अजून दिशा सांगते ती जुन्याच खुणांनी. घरपोच सामान आणणाऱ्या मुलाचा फोन आला की म्हणते, "बांधावरशी सरल ये." बांध म्हणजे आता दुभाजक असलेला चार पदरी रस्ता, त्याच्या पलीकडे आमचं भात पिकायचं. मुलगा विचारतो, "काकू, कुठला बांध?" मग मी चप्पल घालतो आणि त्याला आणायला खाली जातो.