सागरी मत्स्यालय : नव्या टाकीतील जलरसायन

समुद्री मासे, प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राणी बंदिस्त टाकीत ठेवताना पाण्याची लवणता, अल्कता, पीएच, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण आणि प्राण्यांची नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये मर्यादेत राखावी लागतात. टाकी नवी असताना ही घडी बसवण्याचे काम दोन वेगवेगळ्या गतींनी चालते. लवणे विरघळवून समुद्रपाण्याजवळ जाणारे पाणी एका दिवसात तयार होते. त्या पाण्यातील अमोनियाची विल्हेवाट लावणारी सूक्ष्मजीवांची वस्ती मात्र साधारण तीन ते सहा आठवडे घेते, क्वचित त्याहून जास्त. पहिल्या महिन्यात मासे दगावतात ते बहुधा या दोन गतींमधील अंतरामुळे. पाणी स्वच्छ दिसते, लवणता अचूक असते, म्हणून टाकी तयार झाली असे वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्धाच भाग तयार असतो.

परिभाषा : मराठीत या विषयात ‘क्षार’ हा शब्द घोटाळा करतो. बोलण्यात ‘पाण्यात क्षार जास्त आहेत’ म्हणजे विरघळलेली लवणे जास्त आहेत. जुन्या रसायनशास्त्रीय लेखनात क्षार म्हणजे अम्लाचे उदासीनीकरण करणारा पदार्थ. त्यामुळे ‘क्षारता’ कोणी लवणतेसाठी वापरतो, कोणी अल्कतेसाठी. प्रस्तुत नोंदीत विरघळलेल्या एकूण लवणांच्या प्रमाणाला लवणता आणि अम्ल पचवण्याच्या पाण्याच्या क्षमतेला अल्कता म्हटले आहे. अल्कता आणि पीएच यांतही गल्लत होते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचा आकडा, ही त्या क्षणाची स्थिती आहे, तर अल्कता हा साठा आहे. साठा भरपूर असूनही पीएच खाली असू शकतो.

इतिहास : पहिले सागरी मत्स्यालय कोणाचे, यावर एकमत नाही. झां व्हिल्प्रू-पॉवर यांनी सिसिलीत मेसिना येथे १८३२ च्या सुमारास आर्गोनॉट या अष्टपादवर्गीय प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. काळाच्या दृष्टीने हा मान त्यांचा. पण त्यांचे काम समुद्राशेजारी होते आणि ताजे पाणी हाताशी होते. त्यामुळे पाण्याचे रसायन टिकवण्याचा प्रश्न तेथे आजच्या अर्थाने उभा राहिला असेलच असे नाही. ॲना थिन यांनी १८४६-४७ च्या सुमारास लंडनमध्ये, समुद्रापासून दूर, खडकाळ प्रवाळ जिवंत ठेवले. त्यासाठी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून हवेशी मिसळले जाई. नंतर सागरी शैवालही वापरले गेले. बंदिस्त पाण्याचा विचार करता थिन यांच्या प्रयोगाला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती व प्राणी यांच्या समतोलाचे तत्त्व १८५० मध्ये मांडले. तो प्रयोग मुळात गोड्या पाण्यातला होता. सागरी पाण्यावरील प्रयोग त्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत केले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ मध्ये खुले झाले. फिलिप हेन्री गॉस यांनी ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला आणि १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रपाण्याची कृतीही दिली. खाण्याचे मीठ, एप्सम लवण आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची क्लोराइडे ही तिची मुख्य द्रव्ये. पृथक्करणाच्या आकड्यांवरून समुद्र पुन्हा जुळवण्याचा हा प्रयत्न आजच्या तयार मिश्रणांचा पूर्वज म्हणता येईल.

वॉरिंग्टन यांच्या समतोलाच्या कल्पनेत एक उणीव होती. मासा कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देते, हा हिशेब वायूंचा होता. नायट्रोजनाचा हिशेब लावणाऱ्यांमध्ये पुढे त्यांचेच पुत्र होते. धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात नायट्रीकरणावर, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होण्याच्या क्रियेवर, दीर्घकाळ काम केले व ही क्रिया दोन टप्प्यांत होते हे दाखवण्यास हातभार लावला. पिता-पुत्रांची ही दोन संशोधने मत्स्यालयाच्या टाकीत कशी एकत्र येतात, याची आठवण मत्स्यालयाच्या इतिहासात क्वचितच ठेवली जाते. ती ठेवायला हवी.

नायट्रीकरण : माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि उरलेले अन्न कुजून तयार होणारा अमोनिया प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये बदलतो. ही क्रिया सजीवांकडून होते हे तेओफील श्लेझिंग व आशील म्युंट्स यांनी १८७७ मध्ये दाखवले. वाळू व खडूच्या स्तंभातून सांडपाणी सोडल्यावर सुमारे २० दिवस अमोनियात काहीच फरक पडला नाही. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्म सोडताच क्रिया थांबली आणि मातीचा थोडा अंश मिसळल्यावर पुन्हा सुरू झाली. नव्या टाकीतील शांत वाटणारे सुरुवातीचे आठवडे आणि जुन्या टाकीतला खडक किंवा वाळू आणून टाकण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी त्या प्रयोगात आधीच दिसतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की यांनी हे सूक्ष्मजीव वेगळे केले. पहिल्या टप्प्याला नायट्रोसोमोनास आणि दुसऱ्याला नायट्रोबॅक्टर ही जोडी त्यानंतर शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिली.

ही जोडी आता जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. १९९६ व १९९८ मधील अभ्यासांत मत्स्यालयांच्या गाळण्यांमध्ये जनुकीय पद्धतींनी शोध घेतला असता गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोबॅक्टर आढळला नाही. नायट्राइटचे काम नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करत असल्याचे दिसले. पहिल्या टप्प्याबाबतचा धक्का याहून मोठा होता. अमोनियावर जगणारा पहिला आर्किया (जीवाणूंसारखा दिसणारा, पण त्यांहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव), नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये वेगळा केल्याचे प्रसिद्ध झाले. तो खोल समुद्रातून मिळाला नव्हता, सिॲटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय सागरी टाकीतील खड्यांवर सापडला होता. पुढे महासागरात या गटाचे सजीव विपुल असल्याचे मान्य झाले. मत्स्यालयाच्या टाकीने समुद्रविज्ञानाला दिलेली ही देणगी फार मोलाची आहे.

मग नव्या सागरी टाकीत काम नेमके कोण करते? २०११ च्या एका तुलनात्मक अभ्यासात गोड्या पाण्याच्या गाळण्यांत आर्किया वरचढ आढळले, खाऱ्या पाण्यात मात्र चित्र संमिश्र होते. नायट्रोसोप्युमिलस अत्यंत विरळ अमोनियावरही जगू शकतो आणि जास्त अमोनियात मंदावतो. त्यामुळे सुरुवातीच्या अमोनियायुक्त दिवसांत जीवाणू आणि मुरलेल्या, म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती स्थिरावलेल्या, टाकीत काही अंशी आर्किया, ही वाटणी संभाव्य दिसते. प्रत्येक टाकीला ती लागू पडेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बाटलीतून मिळणाऱ्या जीवाणूंच्या उपयोगाबद्दलचे मतभेदही बरेचसे याच प्रश्नातून येतात: बाटलीतील जात आणि टाकीत टिकणारी जात एकच असेल असे नाही.

विषारीपणा : पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी असून मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो. पीएच ७ ला मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. सागरी टाकीच्या ८.२ पीएचला व २५° से. तापमानाला तो सुमारे ५ ते ८ टक्क्यांवर जातो. म्हणून गोड्या पाण्यात निभावून जाणारे प्रमाण येथे घातक ठरते. नायट्राइटबाबत उलट आहे. ते क्लोराइडच्या वाटेने कल्ल्यांत शिरते आणि समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असल्यामुळे त्याला वाव कमी मिळतो. नायट्राइट चढलेले दिसताच घाबरून सगळे पाणी बदलण्याचे कारण त्यामुळे सागरी टाकीत सहसा उरत नाही. टाकी मुरवण्यासाठी जिवंत मासा वापरण्याची जुनी रीत सोडून द्यावी; अमोनियम क्लोराइडने लिटरमागे १ ते २ मिग्रॅ. अमोनिया देऊन तेच काम कोणाला इजा न करता होते.

लवणता, अल्कता व कॅल्शियम : समुद्राची सरासरी लवणता किलोमागे ३५ ग्रॅम, म्हणजे २५° से. ला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. बाष्पीभवनात पाणी जाते व लवणे मागे राहतात. १०० लिटरमधून ५ लिटर उडून गेले तर ३५ ची लवणता ३७ च्या जवळ पोहोचते. म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याने घालतात, खाऱ्या नव्हे. नळाच्या पाण्यातील सिलिकेट, फॉस्फेट व क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग) टाळण्यासाठी व्युत्क्रमी परासरणाने, म्हणजे आरओने, व पुढे आयन-विनिमयाने शुद्ध केलेले पाणी घेतात.

नैसर्गिक समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिग्रॅ. कॅल्शियम, १,२९० मिग्रॅ. मॅग्नेशियम आणि सुमारे ७ जर्मन अंशांची (अल्कता मोजण्याचे एक एकक) अल्कता असते. प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात तेव्हा अल्कता २.८ अंशांनी उतरली, तर कॅल्शियम फक्त २० मिग्रॅ. उतरते. पहिल्या बाबतीत साठ्याचा चाळीस टक्के भाग संपला, दुसऱ्यात जेमतेम पाच टक्के. टाकीत काय चालले आहे हे अल्कता आधी सांगते, म्हणून ती वारंवार मोजावी. प्रवाळ नसतानाही ती घसरते: १ मिग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनाच्या नायट्रीकरणात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७ मिग्रॅ. अल्कता खर्ची पडते. समुद्रपाणी कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त असते व मॅग्नेशियम त्याचे स्फटिकीभवन रोखून धरते. मॅग्नेशियम कमी पडले की कॅल्शियम व अल्कता दोन्ही वर ठेवणे जड जाते आणि पंपावर पांढरा थर जमू लागतो.

पीएच कमी दिसल्यास तो वाढवणारी पूड घालण्याआधी खोलीची हवा पाहावी. बंद खोलीत कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाला, तर अल्कता तीच राहूनही पीएच सुमारे ०.२५ ते ०.३ ने खाली येतो. खिडकी उघडणे हा अनेकदा पुरेसा उपाय असतो.

पुढचे टप्पे : अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावर डायटम या सिलिकेटचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो व सिलिकेट सरले की बहुधा ओसरतो. नायट्रेट व फॉस्फेट पूर्ण शून्यावर नेणे आता इष्ट मानले जात नाही. अशा टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा उपद्रव होतो असा अनुभव आहे. सूक्ष्मजीवांची वस्ती मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणातच वाढते, त्यामुळे मासे एकेक करून, मध्ये काही आठवडे ठेवून सोडतात.

मापन : नायट्रेटच्या बहुतेक रंग-चाचण्या नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग रंग मोजतात, पाण्यात नायट्राइट शिल्लक असेल, तर नायट्रेट अवास्तव जास्त दिसते. क्लोरामाइन उदासीन केल्यावर अमोनिया मोकळा होतो व चाचणीत दिसतो. अपवर्तनमापक, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून लवणता मोजणारे उपकरण, शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ लाही बरोबर असेल असे नाही. मिठाच्या द्रावणासाठी आखलेली मोजपट्टी समुद्रपाण्यासाठी चुकीचा आकडा देते, त्यामुळे तो ३५ लवणतेच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवून घ्यावा.