कपाटातल्या कपाटात उतरणारे सेल

पहिला दमदार पाऊस पडून गेला की रत्नागिरीच्या आसपासच्या कातळसड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले उमलतात आणि थोड्याच आठवड्यांत दिसेनाशी होतात. माझा चार पेन्सिल सेलांवर चालणारा कॅमेरा एरवी बराच काळ कपाटात पडून असतो. तो बाहेर काढण्याचा हाच खरा हंगाम. काही वर्षांपूर्वी असाच सड्यावर गेलो, ओल्या कातळावर गुडघे टेकले, फुलावर नेम धरला आणि बटण दाबण्यापूर्वीच पडद्यावर सेल बदलण्याची सूचना झळकून लेन्स आत गेली. ते सेल मी एप्रिलच्या मध्यावर रात्रभर चार्ज करून कॅमेऱ्यात घातले होते आणि त्यानंतर एकही छायाचित्र काढले नव्हते.

सेल विकणाऱ्या दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आपल्याकडची हवाच खारी, ती चार्ज खाते." हे स्पष्टीकरण किनाऱ्यावर इतक्या जणांनी मनापासून दिले आहे की ते आधी तपासून पाहणे योग्य होईल. सेल म्हणजे घट्ट बंद केलेली पोलादी डबी असते. खारी हवा तिच्या आत शिरत नाही. ती बाहेरचे काम मात्र चोख करते: कॅमेऱ्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा गंजवते, त्यामुळे जोडणीचा रोध वाढतो आणि भरलेला सेलही उतरल्यासारखा वागतो. म्हणून पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसत राहावे. परंतु बंद कपाटात दोन महिन्यांत सेल निम्मा रिकामा होतो, त्याचे कारण डबीच्या आतच शोधावे लागते.

पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल बहुतेक निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे असतात. ते १९८९ च्या सुमारास बाजारात आले. त्यांच्या ऋण अग्रात लँथेनम, निकेल आणि इतर धातूंचे एक संमिश्र असते, आणि ते हायड्रोजनला आपल्या अणूंच्या मधल्या पोकळ्यांत सामावून घेते. लँथेनमचा एक आणि निकेलचे पाच अणू मिळून हायड्रोजनचे सुमारे सहा अणू धरून ठेवतात; द्रवरूप हायड्रोजनमध्येही तो इतका दाट बसत नाही. धन अग्रात निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड असते, दोन्ही अग्रांच्या मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात भिजलेला विभाजक, म्हणजे तंतूंचे पातळ कापड असते. ऋण अग्राकडे इलेक्ट्रॉन द्यायला आहेत, धन अग्राला ते हवे आहेत. विभाजक त्यांना थेट जाऊ देत नाही, म्हणून ते बाहेरच्या वाटेने, कॅमेऱ्यातून फिरून जातात आणि जाता जाता कॅमेरा चालवतात.

माझ्या दृष्टीने या सेलातली सर्वांत विलक्षण गोष्ट येथून पुढे सुरू होते. दाभोळहून धोपाव्याला जायचे तर एक वाट खाडीला मोठा वळसा घालून आहे आणि दुसरी सरळ फेरीबोटीची आहे. सेलाच्या आतल्या खाडीतही अशीच एक बोट चालू असते, आणि ती असते नायट्रोजनच्या संयुगांची. जुन्या धाटणीच्या सेलांत विभाजक नायलॉनचा, म्हणजे पॉलिअमाइडचा असे. तीव्र अल्कलीत नायलॉनच्या साखळ्या सावकाश तुटतात आणि त्यांतून अमोनिया आणि इतर नायट्रोजनयुक्त संयुगे द्रावणात उतरतात. शिवाय निकेलचे अग्र बनवताना काही पद्धतींत निकेल नायट्रेट वापरतात. ते पूर्ण धुतले गेले नाही तर त्याचाही अंश मागे राहतो. आता द्रावणातला एक नायट्रेट आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, ऋण अग्रापाशी पोहोचला की तेथे दोन इलेक्ट्रॉन घेऊन नायट्राइट होतो. हा नायट्राइट विभाजकातून हळूहळू पसरत पैलतीराला, धन अग्रापाशी जातो, तेथे ते दोन्ही इलेक्ट्रॉन उतरवतो आणि पुन्हा नायट्रेट होऊन परततो. अमोनियाच्या वाटेने गेले तर एका खेपेला दोनाहूनही अधिक इलेक्ट्रॉन पार होतात. या व्यवहारात बोट स्वतः खर्च होत नाही, आणि म्हणून सारी अडचण उद्भवते: द्रावणात नायट्रोजनचा अगदी थोडा अंश असला तरी त्याच त्या आयनांच्या अखंड खेपा चालू राहतात, कॅमेरा बंद असतो, कपाटाला कुलूप असते आणि तरीही ऋण अग्रावरचे इलेक्ट्रॉन कोणाच्याही उपयोगी न पडता धन अग्रावर जाऊन पोहोचतात.

गळतीच्या आणखीही वाटा आहेत. संमिश्रातून सुटलेला थोडा हायड्रोजन वायुरूपाने धन अग्रापर्यंत जातो. धन अग्राचे द्रव्यही पूर्ण भरलेल्या स्थितीत अस्थिर असून सावकाश ऑक्सिजन सोडते; चार्जरमधून काढल्यानंतरच्या पहिल्या दिवशी घट सर्वांत जास्त दिसते, तिचे हे एक कारण आहे. तिसरी वाट संथ पण घातक: संमिश्रातले कोबाल्ट आणि मँगनीज अल्कलीत विरघळून विभाजकाच्या तंतूंवर साठत जातात आणि कालांतराने दोन तीरांमध्ये बारीक वाहक पूल बांधतात. जुना सेल वर्षागणिक अधिक वेगाने उतरू लागतो, त्यामागे हे एक कारण असते.

नोव्हेंबर २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप हे सेल आणले, त्यांत या वाटांवर एकेक करून बंधारे घातलेले होते. नायलॉनऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा विभाजक आला. आपल्या बंदरांवर पॉलिप्रॉपिलीनचे दोर सर्वांनी पाहिलेले आहेत: पाण्यावर तरंगतात, पाणी पीत नाहीत आणि अल्कलीला दाद देत नाहीत. पण जे पाणी पीत नाही ते सेलातले द्रावण तरी कसे धरून ठेवणार? म्हणून त्या तंतूंच्या पृष्ठभागावर सल्फॉनिक आम्लाचे गट बसवतात. त्यामुळे कापड भिजते, आणि हेच गट द्रावणात भटकणारा अमोनिया पकडून जागच्या जागी बांधून ठेवतात. एकाच उपायाने दोन कामे होतात. संमिश्रही बदलले: मॅग्नेशियम असलेली, थरांवर थर रचलेली नवी रचना घेऊन कोबाल्ट व मँगनीज वगळण्यात आले. मला हा मानवी कौशल्याचा फार सुंदर नमुना वाटतो.

आता निवडीचा प्रश्न. वेष्टनावरचा मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचा, मोठा आकडा पाहून सेल घेणे ही चूक मीही केली होती. साधा सेल २५०० चा धरू आणि तो पहिल्या दिवशी १० टक्के व पुढे रोज उरलेल्याच्या १ टक्का उतरतो असे मानू. साठ दिवसांनी त्यात सुमारे १२५० उरतील. कमी स्वयंविसर्जनाचा, म्हणजे पडून असताना आपोआप कमी उतरणारा एनेलूपसारखा सेल मात्र २००० चा असूनही तेवढ्या काळात १९०० च्या आसपास राहील. चार्ज केल्यापासून पंधरवड्यातच लहान आकड्याचा सेल मोठ्या आकड्याच्या पुढे गेलेला असतो. लग्नसमारंभात रोज फ्लॅश वापरणाऱ्याने सकाळी चार्ज करून संध्याकाळपर्यंत संपवायचे असेल तर २५०० चा साधा सेलही चालेल. ज्याचा कॅमेरा सणावारी किंवा हंगामी निघतो, त्याने मात्र कमी स्वयंविसर्जनाचेच सेल घ्यावेत. यातही २५०० क्षमतेचे प्रकार मिळतात, पण त्यांची आयुष्यातली चार्ज-आवर्तने बरीच कमी, सुमारे ५००, असतात. पेन्सिल सेलावर ४००० किंवा ५००० असे आकडे छापलेले दिसले तर तो सेल तेथेच ठेवून द्यावा, कारण या प्रकारच्या रसायनाचे एवढे द्रव्य त्या मापाच्या डबीत मावत नाही.

आणखी एक बाब आपल्या हवामानाची आहे. "वर्षानंतर ८५ टक्के शिल्लक" असा दावा असतो तो २० अंश सेल्सिअस तापमानाचा. एप्रिल-मेमध्ये आपली कपाटे रात्रीही तिशीच्या आसपास असतात, आणि रासायनिक गळतीचा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून सेल माळ्यावर, पत्र्याखाली किंवा उभ्या गाडीत न ठेवता घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावेत. आमच्या लहानपणी रेडिओचे उतरलेले सेल खळ्यात उन्हात मांडण्याची रीत होती, आणि अजूनही काही जण उन्हाची शक्ती सेलात भरते असे मानतात. ऊन सेलात काहीही भरत नाही. जस्त-कार्बनच्या त्या सेलांतील उरलेसुरले द्रव्य उष्णतेने थोडा वेळ चलाख होई, इतकेच. निकेल-मेटल हायड्राइड सेल उन्हात ठेवला तर संमिश्रातला हायड्रोजन अधिक सुटतो, आयनांच्या खेपा वाढतात आणि राहिलेला चार्जही निघून जातो.

सेल चारांच्या जोडीने, एकाच वेळी घ्यावेत आणि खरेदीचा महिना-वर्ष त्यांवर पक्क्या शाईच्या पेनाने लिहावे. चार सेल एकामागे एक जोडलेले असल्याने त्यांतला सर्वांत अशक्त सेल संपला की कॅमेरा बंद पडतो, मग उरलेले तीन कितीही भरलेले असोत. चार्जरही प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा असावा.

वेष्टनावर "आधीच चार्ज केलेले, लगेच वापरा" असे छापलेले असले की ते सेल बहुधा कमी स्वयंविसर्जनाचे असतात, परंतु छापणे कोणालाही जमते. खात्री करायची असेल तर सेलातून निघालेला चार्ज मोजणारा चार्जर मिळवावा. चारही सेल पूर्ण भरावेत, दोन लगेच रिकामे करून आकडा टिपावा आणि उरलेले दोन मे महिनाभर कपाटात ठेवून, पहिल्या पावसाच्या सुमारास रिकामे करून पाहावेत. दोन आकड्यांत दहा टक्क्यांच्या आतबाहेर फरक आला तर सेल खरे आहेत. तीस-चाळीस टक्क्यांचा आला तर ते भिंतीवरच्या घड्याळात घालावेत आणि सड्यावर जाण्यापूर्वी नवे आणावेत.