शिडे शिवणारा महापौर आणि हार्लेम नदीवरचा पूल

स्टीफन ॲलन (१७६७–१८५२) न्यूयॉर्कमध्ये जहाजांची शिडे शिवून वर आले. १८२१ ते १८२४ या काळात ते महापौर होते, पण तेव्हा या पदासाठी लोक मत देत नसत. त्यांची पहिली नेमणूक थेट राज्याच्या राजधानीतून झाली. जनतेकडून महापौर निवडायला १८३४ साल उजाडले. १८२६ मध्ये ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहात आणि १८२९ ते १८३२ वरिष्ठ सभागृहात होते. त्यांचे मोठे काम यानंतरचे. १८३३ पासून ते पाणी आयोगाचे अध्यक्ष होते.

क्रोटन नदीचे पाणी ४१ मैलांवरून, मैलाला जेमतेम १३ इंच उताराच्या जलवाहिनीने शहरात आणायचे होते. १८३५ च्या मतदानात १७,३३० लोकांनी होकार दिला, ५,९६३ जणांनी नकार. अडचण हार्लेम नदीच्या खोल दरीची होती. आयोगाने बुटका पूल सुचवला: लोखंडी नळ काठावरून खाली उतरवायचे, पुलावरून न्यायचे आणि पलीकडे पुन्हा वर चढवायचे. पलीकडचे तोंड थोडे खाली ठेवले की पाणी आपोआप चढते. दर १० फूट खोलीला चौरस इंचामागे सुमारे ४.३ पौंड दाब वाढतो, त्यामुळे सांधे गळू शकतात. तळाशी गाळ साचतो, म्हणून तिथे झडप लागते. पण हे सगळे आटोक्यातले होते आणि खर्च उंच पुलाच्या निम्म्याहून कमी.

पण काठावरच्या जमीनमालकांना नदीतून मोठी गलबते न्यायची होती आणि बुटका पूल त्यांच्या आड आला असता. १८३८ मध्ये त्यांनी नदीत आधीपासून आडवा असलेला बांधही फोडला. १८३९ च्या कायद्याने आयोगापुढे दोनच वाटा ठेवल्या: नदीखालून बोगदा, नाहीतर भरतीच्या पातळीपासून १०० फूट उंच, किमान ८० फूट रुंदीच्या कमानी. उंच पूल ठरला. तोही खर्च वाचवायला जलवाहिनीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावा लागला, म्हणजे पाणी इथेही खाली उतरवून पुन्हा चढवावे लागले; नळ आणि दाब टळले नाहीतच. आयोगाचा पहिला आराखडाच शहाणपणाचा होता.

१८४० मध्ये राज्यातल्या सत्तांतरानंतर ॲलन यांना आयोगातून काढले. १८४२ मध्ये शहरात पाणी आले ते तात्पुरत्या नळातून. पूल १८४८ मध्ये पूर्ण झाला. त्यावरचे दोन नळ अपुरे पडले आणि १८६० च्या दशकात साडेसात फूट व्यासाचा तिसरा घालावा लागला. १९२० च्या दशकात नदीतले दगडी खांब जहाजांच्या आड येतात म्हणून पाण्यावरच्या कमानी पाडून एकच पोलादी कमान बसवली.