नालाकृती कमानीत कमान नेमकी कुठून सुरू होते?

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीचे बांधकाम 785-86 मध्ये सुरू झाले. तिथली खालच्या रांगेतली प्रत्येक कमान घोड्याच्या नालेसारखी आहे. अर्धवर्तुळ पुरे झाले तरी ती थांबत नाही, पायथ्याशी पुन्हा आत वळते. हा आत वळलेला भाग कमानीसारखा दिसतो, पण काम भिंतीचे करतो.

आखणी अशी. 60 सेंमी त्रिज्येचे वर्तुळ घ्या आणि त्याचे केंद्र पायथ्याच्या रेषेपासून 30 सेंमी, म्हणजे अर्धी त्रिज्या, वर ठेवा. गाळा, म्हणजे कमानीखालची मोकळी जागा, मधे 120 सेंमी रुंद राहतो आणि पायथ्याशी 104. उंची 90. कोर्दोबाच्या खलिफांच्या काळात हेच प्रमाण रूढ झाले. त्याआधी स्पेनवर राज्य करणाऱ्या विसिगॉथ लोकांच्या कमानी साधारण एक तृतीयांश त्रिज्येइतक्याच खाली उतरत. सान हुआन दे बान्योस हे त्यांचे चर्च 661 चे. अरब स्पेनमध्ये आले 711 मध्ये, म्हणजे हा आकार तिथे त्यांच्या आधीपासून होता.

आता भार पाहू. माथ्यावरचे वजन दोन्ही बाजूंना खाली आणि बाहेर ढकलते. तो दाब कमानीबरोबर आत वळू शकत नाही. तो सरळ मागच्या भिंतीत उतरतो. म्हणून कमानीच्या बगला भरीव हव्यात. आधार बाहेर सरकले की माथ्याला खालून भेग पडते.

केंद्राच्या खालचे दगडही पाचरीसारखे, केंद्राकडे रोखून बसवले तर त्यांचे सांधे बाहेरच्या बाजूला उतरते होतात आणि दगड बाहेर घसरू पाहतात. त्यामुळे जाणते गवंडी खालचे थर आडवेच रचत आणि फक्त दर्शनी कड वळणात घडवत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा मागे सरकत जातो, म्हणून इथे सेंटरिंग, म्हणजे खालून आधार देणारा तात्पुरता साचा, लागत नाही. ते लागते वरच्या भागाला, आणि खरी कमान तिथूनच सुरू होते. वरचा साचा गाळ्याच्या पायथ्यापेक्षा रुंद असेल, तर तो अखंड खाली उतरत नाही. सुटा करून काढावा लागतो.

कार्ल्याच्या चैत्याची कमानही नालाकृतीच, पण ती अखंड कातळात कोरलेली. तिथे सांधा नाही, त्यामुळे घसरण्याचा प्रश्नही नाही.

कोर्दोबात जुन्या इमारतींतले आखूड खांब पुन्हा वापरले होते. छत उंच नेण्यासाठी कमानींच्या दोन रांगा एकावर एक चढवल्या. वरची कमान अर्धवर्तुळाकार, छताचा भार तिच्यावर. खालच्या नालाकृती कमानीवर भिंत नाही, दोन्हींमधली जागा मोकळी आहे. शेजारचे खांब एकमेकांपासून हलू नयेत, एवढेच तिचे काम.